एकवीस पानांची सिद्धता

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. पुस्तकांची देवघेव आता मशीनवर होते, त्यामुळे माझ्याकडे भलतीच कामं येतात. त्यातलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे दर वर्षीचा अहवाल. कोणत्या विभागात कोणी काय संशोधन केलं, कोणाचं पुस्तक निघालं, कोणाच्या एकांकिकेला बक्षीस मिळालं, कोणाची चित्रं कुठे लागली, हे सगळं गोळा करायचं, पुरावे बघायचे आणि ठरलेल्या तक्त्यात भरायचं. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलं आणि तेव्हापासून घरात कोणी ना कोणी कारकुनीच करत आलंय. तक्ता नीट भरला गेला की मला अजूनही बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हा स्वभावही होता.

गणित विभागात एक सर होते. तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये मोकळे, पुन्हा जूनमध्ये अर्ज. असं त्यांचं पंधरा वर्षं चाललं होतं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. बुटके, अंगानं भरलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला कायम निळ्या शाईचा डाग. त्यांच्या घरचं इतवारीच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं, ते वडील आणि थोरले भाऊ चालवत. हे गणितात गेले आणि शहराच्या कडेला हुडकेश्वरला एका लेआउटमध्ये प्लॉट घेऊन, दोन खोल्या बांधून बायको-मुलीसह राहू लागले. सकाळी शिकवण्या, मग विद्यापीठातले तास, आणि मधला जो काही वेळ उरेल तो आमच्या वाचनकक्षातल्या खिडकीजवळच्या टेबलावर.

अहवालाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढची जागा दर वर्षी रिकामी असायची. मी दर वर्षी विचारायची.

"सर, काहीच नाही का? एखादं व्याख्यान, एखादा परिसंवाद?"

"काम सुरू आहे नं, मॅडम."

"ते कुठे लिहू? 'काम सुरू आहे' असा रकाना नाही."

"मग राहू द्या रिकामं. नाही ते काहून लिहायचं?"

त्याच विभागातले दुसरे एक-दोघं वर्षाला सात-आठ निबंधांची यादी पाठवायचे. त्यांची पानं भरून जायची आणि मलाही ती पानं बघून समाधान वाटायचं. सरांच्या रिकाम्या ओळीचा मला, खरं सांगायचं तर, थोडा राग यायचा. तक्ता अर्धवट दिसायचा.

एकदा मी त्यांना विचारलं की हे काम आहे तरी काय. त्यांनी माझ्यासमोरची मागणी-चिठ्ठी उलटी केली आणि तिच्यावर दहा-बारा ठिपके काढले. काही ठिपके रेषांनी जोडले. "आता याले रंग द्यायचे. जोडलेल्या दोन ठिपक्यांले एकच रंग नाही पाहिजे. किती रंग लागतील?" मी चार म्हटलं. त्यांनी पेन फिरवून दाखवलं, तीन पुरले. मग ते म्हणाले की अशा जाळ्यांची एक खास जात आहे. ती कितीही मोठी केली तरी रंगांची संख्या एका मर्यादेच्या वर जात नाही असं वाटतं, पण ते कोणी सिद्ध केलेलं नाही. कुण्या परदेशी गणितज्ञाच्या जुन्या निबंधात, अगदी शेवटच्या परिच्छेदात, हा प्रश्न विचारून ठेवलेला होता. "त्यानं विचारला आणि तो बहुतेक विसरून गेला. मीच धरून बसलो," असं म्हणून ते हसले. मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या ओळीचा राग येणं बंद झालं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात हिरव्या पुठ्ठ्याची वही होती.

"मॅडम, एक विचारू? त्या जाळ्यांचे तीन प्रकार पडतात. दोन सुटले. तिसरा अडकून राहिला. जेवढं झालं तेवढं पाठवून देऊ का कुठल्या नियतकालिकाले?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारायला नको होता. विभागात विचारण्यासारखं त्यांना कोणी वाटलं नसेल, म्हणून माझ्याकडे आले. आणि मला काही कळत नव्हतं तर मी तसं सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं मी लोकांच्या निबंधांच्या याद्या करत होते. त्या भरवशावर मी म्हटलं, "अर्धं कशाला पाठवता? पूर्ण होऊ द्या, मग पाठवा. इतकी वर्षं थांबलात तर आता घाई कशाला?"

"हो, तेही आहे," ते म्हणाले आणि वही घेऊन परत खिडकीशी गेले.

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून वर्ग सुरू झाले आणि दोन-चार दिवसांतच ते दुपारच्या जेवणाच्या वेळी आले. मी डबा उघडत होते. ते समोरच्या खुर्चीवर बसले, एरवी कधी बसत नसत.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"तिसरा प्रकार. झाला. चार वेळा तपासला. एकवीस पानं आहेत."

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पोळीचा एक तुकडा घेतला आणि हातातच धरून ठेवला. डोळे भरून आले होते. "घरी सांगितलं, पण तिले काय समजणार? म्हणून म्हटलं तुमाले सांगतो." समजणार तर मलाही नव्हतं. तरी मला खूप अभिमान वाटला. पंधरा वर्षांत मी कोणाच्याही यशाच्या इतकी जवळ बसले नव्हते.

विभागप्रमुखांनी ती पानं दोन आठवडे वाचली. ते माणूस चांगले आहेत, नुसते साहेब नाहीत. त्यांनी सरांना खोलीत बोलावून खांद्यावर हात ठेवला म्हणे. आणि योगही असा की सगळं एकदमच जुळून आलं. मूल्यांकन समिती येणार होती, तिला दाखवायला विभागाकडे ठोस काहीतरी हवं होतं. जानेवारीत संशोधन आणि कलानिर्मितीतल्या यशाबद्दल सत्काराचा वार्षिक कार्यक्रम होता. आणि कितीतरी वर्षांनी विभागात एका पूर्णवेळ जागेची जाहिरात निघाली होती. वयाच्या मर्यादेत सर जेमतेम बसत होते. विभागप्रमुख मला म्हणाले, "मॅडम, या वेळी त्यांची ओळ तुम्ही ठळक अक्षरात भरा."

मी भरली. निबंध अजून नियतकालिकाला जायचा होता, पण 'सादर' असा रकाना होता, त्यात भरली.

निबंध पाठवण्याआधी सरांनी मला एक छोटं काम दिलं. संदर्भसूचीत त्या जुन्या निबंधाचा पृष्ठक्रमांक त्यांना नीट सापडत नव्हता. त्यांच्याकडची झेरॉक्स कोपऱ्यात पुसली होती. "तेवढा पाहून द्या," म्हणाले. मी संगणकावर तो जुना निबंध शोधला. पृष्ठक्रमांक मिळाला, कागदावर लिहून घेतला. त्या पानावर खाली, या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला याची यादी असते. फक्त सहा नावं होती. सगळ्यांत वरचं दीड वर्षापूर्वीचं होतं. दोन लेखक, देश कुठला लांबचा. शीर्षकातला एकही शब्द मला ओळखीचा वाटला नाही. सवयीनं मी सारांश उघडला. त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की मूळ निबंधाच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही इथे पूर्णपणे देत आहोत.

मी ती ओळ परत परत वाचली. शेवटी विचारलेला प्रश्न एकच होता, हे मला माहीत होतं. सरांनीच सांगितलं होतं. तरी मी मनाशी म्हणत राहिले की आपल्याला काय समजतं, दुसराच काही प्रश्न असेल, दुसरीच जात असेल. त्या नव्या निबंधाची छापील प्रत काढली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पृष्ठक्रमांकाची चिठ्ठी सरांना दिली. फक्त चिठ्ठी.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बँकेतून निवृत्त झालाय, शांत माणूस आहे. तो म्हणाला, "त्यांना आज ना उद्या कळणारच आहे. तुझ्याकडून कळलं तर निदान एकट्याला कळेल." हे बरोबर होतं. विद्यापीठात सगळ्यांसमोर नको, म्हणून रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि हुडकेश्वरला गेले. लेआउटमध्ये घर शोधायला वेळ लागला, सगळी घरं सारखीच, अर्ध्या प्लॉटवर गवत. शेवटी दारासमोर एक मोठी गाडी उभी दिसली आणि आत माणसांचा आवाज आला.

इतवारीचे सगळे लोक आले होते. वडील खुर्चीवर बसले होते, ऐंशीच्या घरातले, धोतर, डोक्याला टोपी. थोरले भाऊ, वहिनी. सरांच्या बायकोनं मला आत घेतलं. "या नं मॅडम, बसा नं. बाबूजी पहिल्यांदाच आले आमच्या घरी मुक्कामाले." मग हळूच म्हणाली, "घर बांधलं तेव्हा पण नव्हते आले. ह्यांनी दुकान सोडलं म्हणून नाराज होते." जमिनीवर एक पितळेची समई होती, नवी, कागदातून नुकतीच काढलेली. वडिलांनी मुलाला आणली होती.

म्हातारे मला म्हणाले, "तुमी युनिवर्सिटीतल्या का? बरं झालं आल्या. मले सांगा, आमच्या पोरानं नेमकं काय शोधून काढलं? तो सांगते पण मले काय समजत नाही."

सर कोपऱ्यात उभे होते. लाजून हसत होते, शाळेत पहिला आलेल्या मुलासारखे.

मी म्हटलं, "बाबूजी, एक फार अवघड प्रश्न होता. बरीच वर्षं कोणाला सुटत नव्हता. तो तुमच्या मुलानं सोडवला."

"जगात कोणालेच नाही सुटला?"

पर्स माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी नुसती मान हलवली. ती मान 'हो' म्हणून हलली की 'नाही' म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. म्हाताऱ्यांनी 'नाही सुटला' असाच अर्थ घेतला आणि थोरल्या मुलाकडे बघून म्हणाले, "पाहाय! आपण याले काय काय बोलत होतो." वहिनींनी पोहे दिले. मी ते खाल्ले आणि परत आले.

सोमवारी अकरा वाजता सर नेहमीसारखे खिडकीशी येऊन बसले. मी त्यांच्याजवळ गेले, घडी केलेले कागद टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "सर, हे शुक्रवारी सापडलं. मला समजत नाही, तुम्ही बघा. मी काल हेच द्यायला आले होते." आणि माझ्या टेबलाशी परत आले. तिथून ते दिसत होते.

त्यांनी कागद उघडले. पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मला वाटलं होतं ते उठून बाहेर जातील, किंवा डोकं धरून बसतील. तसं काही झालं नाही. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि समासात बारीक खुणा करू लागले. एका ठिकाणी खूप वेळ थांबले. मग मान डोलावली, एखादी चांगली तान ऐकल्यावर माणूस डोलावतो तशी. सव्वा तास झाला. त्यांचा बाराचा तास होता, तो त्यांनी चुकवला. पंधरा वर्षांत मी त्यांना तास चुकवताना पाहिलं नव्हतं.

शेवटी मीच परत गेले.

"तोच प्रश्न आहे का?"

"तोच आहे." ते कागदाकडेच बघत होते. "सहा पानांत केलं यांनी. मले एकवीस लागले. हे पाहा, इथं यांनी तिन्ही प्रकार वेगळे केलेच नाही. एकदम घेतले. मी पहिल्या दिवसापासून तीन प्रकार करून बसलो होतो." मग जरा थांबून म्हणाले, "सुंदर आहे हो, मॅडम. खूप सुंदर केलं आहे."

"तुम्ही कधी शोधलं नाही का, कोणी केलंय का ते?"

"दर सहा महिन्यांनी शोधत होतो. मागच्या दोन वर्षांत नाही शोधलं. तिसरा प्रकार हाती येऊन राहिला होता, तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं."

मी उभीच होते. म्हणून टाकलं, "तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला थांबवलं नसतं, तर दोन प्रकार तरी तुमच्या नावावर लागले असते."

"तुमची काय चूक त्यात," असं म्हणतील म्हणून मी वाट बघत होते, पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "चला," म्हणाले, "साहेबांले सांगावं लागेल."

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले. नंतर म्हणाले, "तुम्ही स्वतंत्रपणे केलंत ना? नक्कल तर नाही केली? मग ते तुमचंच आहे. पद्धत वेगळी आहे. पुन्हा नव्या पद्धतीनं सिद्ध केलं असंही म्हणता येतं."

"म्हणता येतं, सर. पण सत्काराच्या पत्रिकेत 'प्रथमच' लिहिलं आहे. ते काढून टाका. माझं नावच काढा."

"पत्रिका छापून वाटून झाली. समितीला यादी गेली. आता नाव काढलं तर विचारतील का काढलं. आणि मुलाखत तीन आठवड्यांवर आली आहे. तुमच्याकडे दाखवायला दुसरं काय आहे? मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

ते खरंच भल्यासाठीच सांगत होते, हे मला दिसत होतं. सरांनाही दिसत होतं, म्हणूनच त्यांना बोलता येईना. भांडायला समोर शत्रू असता तर सोपं गेलं असतं. शेवटी ते म्हणाले, "मग मले स्टेजवर दोन मिनिटं द्या. मी स्वतः सांगतो. तिकडच्या दोघांनी आधी केलं, आणि चांगलं केलं, एवढंच."

विभागप्रमुख म्हणाले, "बघू. सूत्रसंचालन मॅडमकडेच आहे."

बाहेर आल्यावर सरांनी मला विचारलं, "द्याल नं दोन मिनिटं?"

"देईन," मी म्हटलं.

कार्यक्रम दुपारी तीनचा होता, तो चारला सुरू झाला. प्रमुख पाहुणे पुण्याहून आलेले आणि त्यांना संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. सभागृह भरलेलं होतं. तिसऱ्या रांगेत इतवारीची मंडळी होती. म्हातारे नवी टोपी घालून, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते. मी व्यासपीठाच्या कडेला माईकपाशी होते. माझ्या कागदावर सरांच्या नावाशेजारी मी लाल शाईनं लिहून ठेवलं होतं, 'मनोगत – दोन मिनिटं.'

कुलगुरूंचं भाषण लांबलं. एका कवयित्री-प्राध्यापिकेनं आपल्या नव्या संग्रहातल्या तीन कविता म्हटल्या; ठरली होती एक. रसायनशास्त्रवाल्यांनी पेटंटची माहिती दिली, ती बरीच लांबली. पाहुणे घड्याळ बघू लागले. मग गणित विभागाची पाळी आली आणि मी ठरलेला मजकूर वाचला. त्यात 'प्रथमच' हा शब्द होता. मी तो गाळणार होते. डोळ्यांसमोर छापील ओळ होती आणि आवाजाचा ओघ होता. तो शब्द तोंडातून गेला तेव्हाच मला कळलं की गेला.

सर वर आले. शाल, श्रीफळ, फोटो. टाळ्या खूप झाल्या, विद्यार्थ्यांचे ते लाडके होते. फोटो झाल्यावर ते खाली उतरले नाहीत. नारळ दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी माईक स्टँडवरून काढला. त्याच क्षणी पहिल्या रांगेतून विभागप्रमुखांनी मला हातानं खूण केली: पुढे चला. शेजारी कुलसचिव मनगटावर बोट ठेवून दाखवत होते. माईक माझ्या हातात होता. सर माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होते. हात लांब केला असता तर पुरे होतं.

मी पुढचं नाव वाचलं.

ते नाव ललित कला विभागातल्या एका मुलीचं होतं. ती पटकन वर आली, तिच्या मैत्रिणींनी शिट्ट्या मारल्या. सरांना वाटलं असेल की तिचं झाल्यावर मी त्यांना बोलावीन, कारण ते बाजूला सरून थांबले. तिचं झालं. मी त्याच्या पुढचं नाव वाचलं. तेव्हा ते उतरले. पायरीवर शाल पायात आली, एका स्वयंसेवकानं सावरलं. तिसऱ्या रांगेत म्हाताऱ्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मी उरलेली सगळी नावं न चुकता वाचली. कार्यक्रमानंतर लोक म्हणाले की सूत्रसंचालन फार छान झालं, वेळेत आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी अर्ज लिहून कार्यालयात दिला: माझ्या नावापुढची नोंद दुरुस्त करावी. त्याची पोच माझ्याकडे आहे. नोंद मात्र दुरुस्त झाली नाही, कारण अहवाल समितीकडे गेलेला होता आणि गेलेला अहवाल परत मागवायची पद्धत नव्हती. मी दोनदा टिपण पाठवलं. ते फाइलमध्ये लागलं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या निबंधावर आला. सरांनी सगळं सांगितलं, परदेशातल्या दोघांच्या सिद्धतेसकट. विभागप्रमुख मला नंतर म्हणाले, "मॅडम, ते फळ्यापाशी गेले आणि त्या दुसऱ्यांची सिद्धता समजावून देऊ लागले. स्वतःबद्दल बोलायचं सोडून. बाहेरचे तज्ज्ञ खूश झाले, मान्य. पण गुण कशाचे देणार?" जागा अठरा निबंध असलेल्या एका तरुणाला मिळाली. मुलगा हुशार आहे, शिकवतोही बरा. त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही. पूर्णवेळ माणूस आल्यावर तासिकांचे तास कमी झाले आणि जूनमध्ये सरांना बोलावणं आलं नाही.

मी फोन करीन करीन म्हणत राहिले. पावसाळा गेला, गणपती गेले. शेवटी या डिसेंबरात एका शनिवारी गेले. ते आता हुडकेश्वर रस्त्यावरच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवतात. खाली औषधाचं दुकान, वर क्लास. जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग होता. बाहेरच्या बाकावर बसून मी थांबले. आतून त्यांचा आवाज येत होता. तोच आवाज, फक्त वेग वाढलेला. एका गणिताला दीड मिनिटापेक्षा जास्त देऊ नका, असं ते मुलांना सांगत होते.

दोन बॅचच्या मध्ये पाच मिनिटं होती. ते बाहेर आले, मला बघून थबकले आणि मग हसले. शर्टाच्या खिशाला डाग नव्हता. इथे सगळं मार्करनं लिहितात.

"मॅडम! तुम्ही इकडे कशा?"

"तुम्हालाच भेटायला आले."

मी उभी राहिले. येताना रस्ताभर वाक्य जुळवलं होतं, ते तसंच म्हटलं. "सर, त्या दिवशी तुम्हाला दोन मिनिटं देईन म्हणाले होते. साहेबांनी खूण केली आणि मी नाही दिली. मला देता आली असती."

"माहीत आहे नं. मी पाहून राहिलो होतो."

एवढंच म्हणाले. रागानं नाही, माफ केल्यासारखंही नाही.

"बाबूजी कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याले तो फोटो दाखवतात. दुकानात लावला आहे." ते जिन्याकडे बघत होते. "त्यांले सांगायचं राहिलं. दोनदा बसलो सांगाले. त्यांचं वय पाहिलं, आणि नाही झालं."

"आणि तुमचं काम? आता कशावर करताय?"

"आता काही नाही. सकाळी सहाले पहिली बॅच असते."

खालून मुलं वर येऊ लागली. जिना अरुंद होता, आम्ही भिंतीला टेकून त्यांना वाट दिली. त्यांतल्या एकानं "गुड इव्हनिंग सर" म्हटलं. त्यांनी त्याला नावानं हाक मारून कालचं गणित सुटलं का ते विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा घेतला असता, पण आता बॅच आहे."

"नको, नको. जा तुम्ही."

ते आत गेले आणि दार लोटलं. मी खाली आले. औषधाच्या दुकानासमोर माझ्या गाडीला कोणीतरी दुसरी गाडी अगदी चिकटवून लावली होती. मालक येईपर्यंत मी तिथे उभी होते. वरून त्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.